स्वस्तातलं आधी मोडावं

दुकानात मोटर टाकायला आलेला माणूस फळीवरच्या गाडीकडं बघतो आणि विचारतो, ‘‘ह्ये कुणाच्या पोराचं?’’ पोराचं नाही, माझ्या भाचीचं. ती सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न किमतीचा येतो. रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं धरून एखादी बऱ्यापैकी जुनी मोटरसायकल आली असती, हे ऐकल्यावर लोक गाडीकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघायला लागतात.

माझं दुकान कराडात, धंदा मोटर वायंडिंगचा. कृष्णा-कोयनेच्या काठच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटरी रात्रीची वीज, पडलेलं व्होल्टेज नाहीतर उडालेली एक फेज यापायी जळतात आणि माझ्याकडं येतात. जळकी कॉईल उपसायची, स्लॉट साफ करायचे, नवी तार भरायची, वार्निश द्यायचं. त्यामुळं या गाडीत मी शिरलो तो मोटरीच्या वाटेनं. पुढं कळलं की मोटर हा तिचा सर्वांत सोपा भाग आहे. खरी अक्कल दुसरीकडं आहे: आपटल्यावर ही गाडी नेमकी कुठं मोडावी, हे ती बनवणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

हिला म्हणतात आरसी बग्गी. आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. खऱ्या शर्यतीच्या बग्गीच्या एक दशांश मापाची, हातभर लांब, वजनाला दीड किलोच्या आसपास. ही ऑफ-रोड जातीची, म्हणजे माती, खडी, उंचवटे आणि उड्या यांच्यासाठीच बनवलेली. जत्रेत मिळणाऱ्या रिमोटच्या मोटारीला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. हिच्या रिमोटला पिस्तुलासारखा घोडा असतो. तो जितका दाबाल तितकीच मोटर पळते, पुढं ढकलला की ब्रेक लागतो. बाजूचं छोटं चाक जितकं फिरवाल तितकीच पुढची चाकं वळतात. आणि शर्यतीच्या लायकीची गाडी बहुधा तयार मिळत नाही. डब्यात येतात ते सुटे भाग: नंबर टाकलेल्या पिशव्या, प्लास्टिकच्या फांद्यांना लटकलेले तुकडे, शेकड्यानं स्क्रू आणि चित्रांचं एक पुस्तक. डब्यावरच्या चित्रात जे दिसतं त्यातलं बरंच काही आत नसतं. शर्यतीच्या किटमध्ये मोटर, स्पीड कंट्रोलर, चाकं वळवणारा सर्व्हो, रिमोट, बॅटरी हे सगळं सहसा वेगळं घ्यावं लागतं. हे आधी माहीत नसलं की पार्सल फोडल्यावर घरात भांडण ठरलेलं.

या छंदाला पन्नास वर्षं होत आली. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली आणि हळूहळू मॉडेलच्या किटांकडं वळली. १९७६ साली त्यांनी पोर्शे ९३४ ची बाराव्या मापाची आरसी गाडी काढली. तिचा नमुना हुबेहूब यावा म्हणून शुनसाकु तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. माप घ्यायला गाडीच सुटी करणारा माणूस मला आपल्या जातीचा वाटतो. २०२५ च्या जुलैत ते गेले. पण पोर्शे ही डांबरी रस्त्यावरची गाडी. मातीतली मजा सुरू झाली १९७९ मध्ये, तामियाच्याच ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या बग्ग्यांनी. १९८४ ला ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ आल्या. साध्या, दणकट, शाळकरी मुलाला जुळवता येतील अशा. दोन्ही पुढं पुन्हा बाजारात आणल्या गेल्या आणि नवशिक्याला अजूनही त्याच सुचवल्या जातात.

त्याच १९८४ साली अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची ‘आरसी-१०’ आली. रॉजर कर्टिसनं आखलेली, सोनेरी ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनिअमच्या चॅसीची, तेल भरलेल्या शॉकॲब्सॉर्बरची. ही खेळण्यांतून वर आलेली नव्हती, पहिल्यापासून शर्यतीसाठीच बनलेली होती. पुढच्याच वर्षी, १९८५ ला, कॅलिफोर्नियात डेल मार इथं एक दशांश मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मागच्या दोन चाकांना जोर असणाऱ्या गटात जे हाल्सी आरसी-१० घेऊनच जिंकला. आजच्या बग्ग्यांत कार्बन फायबर आलं, मोटर बदलली, पण त्या गाडीची सांगाड्याची मांडणी अजून ओळखू येते.

भाचीला हा नाद लागला तो मात्र मोठ्या बग्गीमुळं. इंजिनिअरिंगच्या मुलांची ‘बाहा’ नावाची स्पर्धा असते: एक माणूस बसेल अशी बग्गी मुलांनीच आखायची, मुलांनीच वेल्डिंग करून बनवायची आणि खडकाळ मैदानावर पळवायची. १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात तिची सुरुवात झाली. भारतात २००७ पासून, पहिली इंदूरजवळच्या पीथमपूरला. आपल्याकडच्या मुलांना याचं वेड असणं साहजिक आहे. सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील आणि वाळव्यातलं राजारामबापू ही दोन्ही १९८३ ची. शिवाय १९१० पासून किर्लोस्करवाडीत ओतीव लोखंडाचा वास आहेच. भाची तिच्या कॉलेजच्या संघात सस्पेन्शन बघते. पण मोठ्या बग्गीच्या चाकाचा तिरकेपणा एक अंशानं बदलून बघायचा तर वर्कशॉप उघडं हवं, चार पोरं हवीत, पेट्रोल हवं, सरांची सही हवी. छोट्या गाडीत तोच बदल एका आडव्या दांडीला पाना लावून अर्धा फेरा दिला की होतो, आणि पाच मिनिटांत कळतं की वळणावर काय फरक पडला. ‘‘मामा, सस्पेन्शनला आकार लहान-मोठा कळत नाही,’’ असं ती म्हणते. पूर्ण खरं नाही ते. वजन आणि वेग यांचं गणित आकाराबरोबर बदलतं. पण शिकण्यापुरतं खरं आहे.

जुळवणी दुकानातच झाली, संध्याकाळी, शटर अर्धं ओढून. हत्यारांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. या गाडीत बहुतेक स्क्रू ३ मिलीमीटरचे असतात, षट्कोनी खाचेचे. गोल डोक्याच्या स्क्रूला २ मिलीमीटरची ॲलन की लागते, उभ्या डोक्याच्या स्क्रूला अडीचची, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला दीडची. हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त सेट घेतला तर त्याची टोकं थोड्याच दिवसांत गोल होतात आणि जाताना स्क्रूची खाचही घेऊन जातात. जपानी किटमध्ये अधिकच्या खुणेचे स्क्रू असतील तर त्याला आपला नेहमीचा स्टार पेचकस नीट बसत नाही. जपानी मापाचा वेगळा मिळतो, तो घ्यावा. गाडीत काटकसर करा, हत्यारात नको.

प्लास्टिकमध्ये स्क्रू बसवण्याची एक रीत आहे. जुने लोक लाकडातही तसंच करायचे. आधीचे आटे पडलेले असतील तर स्क्रू भोकात ठेवून प्रथम उलटा फिरवायचा; आट्याचं तोंड सापडलं की बारीकशी ‘टक्’ जाणवते, तिथून सुलटा आवळायचा. नाहीतर दर वेळी नवे आटे पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला भोक रिकामं. धातूत धातू जिथं जातो तिथं मात्र आट्याला निळं लॉकटाइट लावायचंच, कारण मोटरीच्या थरथरीनं सगळं सुटतं. ते प्लास्टिकच्या वाटेला न्यायचं नाही; काही प्लास्टिकला त्यानं तडे जातात.

डिफरन्शियल म्हणजे काय हे ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला लागत नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटायचं असतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू द्यायचं. या गाडीत ते सुपारीपेक्षा थोडं मोठं असतं आणि आतल्या दात्यांभोवती सिलिकॉनचं घट्ट तेल भरतात. तेलाचा घट्टपणा सेंटीस्टोकमध्ये मोजतात. डिफरन्शियलमध्ये ही संख्या हजारांत असते, शॉकॲब्सॉर्बरमध्ये शेकड्यात. घट्ट तेल भरलं तर दोन्ही चाकं एकमेकांना जास्त धरून राहतात, गाडी सरळ रेषेत जोर करते पण वळायला आळशी होते.

शॉकॲब्सॉर्बर भरणं ही या सगळ्या कामातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. करंगळीएवढी नळी. आत दांडी, दांडीला बारीक भोकांची चकती. नळी उभी धरायची, तेल काठोकाठ भरायचं, दांडी सावकाश वरखाली करायची. चकतीखाली अडकलेले बुडबुडे एकेक करून वर येतात. मग घाई करायची नाही. नळ्या रांगेत उभ्या करून चहा घ्यायचा. बुडबुडे पुरते निघाल्यावर रबरी पडदा बसवून झाकण लावायचं. आत हवा राहिली तर दांडी दाबताना पचपच असा आवाज येतो आणि चारही चाकं वेगवेगळं वागतात. इथं उन्हाळ्याचा मुद्दा येतो. मेमध्ये सांगलीला पारा चाळिशीला टेकतो; तापलं की तेल पातळ होतं आणि सकाळी शहाणी असलेली गाडी दुपारी उड्या मारायला लागते. म्हणून उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल.

मोटरीचा छोटा दाता आणि गिअरबॉक्सचा मोठा प्लास्टिकचा दाता यांच्यातली फट हा नवशिक्यांचा घात करणारा भाग. फार आवळलं तर मोटर तापते, फार ढिलं ठेवलं तर पहिल्याच दणक्यात प्लास्टिकचे दात सोलून निघतात. उपाय फुकटचा आहे. बिलबुकातला पातळ कागद कापून त्याची पट्टी दोन दात्यांच्या मध्ये फिरवायची, मोटर त्यावर टेकवून स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर चुण्या नीट उमटल्या पण ती फाटली नाही, तर फट बरोबर.

आता मोटर. हिला ५४० म्हणतात. डबी ३६ मिलीमीटर व्यासाची, मुठीत मावणारी. जुन्या मोटरी ब्रशच्या होत्या: आत तीन कप्प्यांचं आर्मेचर, दोन कार्बन, बाहेर चुंबक. तामियाच्या किटमधून येणारी चंदेरी डबी याच जातीची. आताच्या शर्यतीच्या मोटरी ब्रशलेस. त्यात चुंबक मधोमध फिरतं आणि वायंडिंग भोवती स्थिर असतं, तीन फेजचं. हे बघितल्यावर मी हसलो, कारण ही तर आमचीच मोटर. शेतातल्या मोटरीला तीन फेज महावितरण देतं, हिला स्पीड कंट्रोलर देतो. बॅटरीची सरळ वीज कापून कापून तो तीन तारांत आळीपाळीनं सोडतो.

फरक वेगात आहे. विहिरीवरच्या दोन पोलच्या मोटरीला ५० सायकल मिळतात आणि ती मिनिटाला २,९०० च्या आसपास फिरते. या छोट्या मोटरीवर ‘केव्ही’ म्हणून एक आकडा लिहिलेला असतो; त्याचा किलोव्होल्टशी संबंध नाही, एका व्होल्टला रिकामी मोटर किती फेरे घेते ते तो सांगतो. ३,००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर मिनिटाला २२,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ३७०. दोन पोल असल्यानं तारांतून जाणाऱ्या विजेचेही ३७० सायकल. शर्यतीत मोटरींचे वर्ग ‘टर्न’वर पाडतात: १७.५ टर्न, १३.५ टर्न. कॉईलचे वेढे कमी तितका वेग जास्त आणि वीजही जास्त. अर्धा वेढा कसा, असं वायंडिंगवाला विचारणारच. तार एका बाजूनं आत शिरते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते, म्हणून शेवटचा वेढा अर्धाच.

उष्णता ही कुठल्याही मोटरीची मरणवेळ ठरवते. हिच्यात जळण्याआधी आणखी एक गोष्ट होते: आतलं निओडिमिअमचं चुंबक तापलं की कायमचं दुबळं पडतं. साध्या प्रतीच्या चुंबकाचा त्रास ८० अंशांनंतर सुरू होतो. म्हणून फेरी संपली की डबीचं तापमान लांबूनच मोजणाऱ्या बंदुकीनं बघायचं. कोविडच्या काळात घराघरात आलेली कपाळाची बंदूक इथं चालत नाही, ती ताप मोजायला बनवलेली आहे आणि त्रेचाळीसच्या पुढं हात टेकते. वर्कशॉपवाली घ्यावी. मोटर जास्त तापत असेल तर पंखा लावण्याआधी छोटा दाता एक-दोन दात्यांनी कमी करून बघावा. वेग थोडा जातो, मोटर वाचते.

रेडिओचं फार सांगण्यासारखं नाही, कारण तो प्रश्न आता सुटलेला आहे. पूर्वी २७ मेगाहर्ट्झवर गाड्या चालायच्या आणि प्रत्येकाला वेगळं क्रिस्टल लागायचं. दोघांचं सारखं निघालं तर एकाच्या हातातल्या रिमोटनं दुसऱ्याची गाडी भिंतीवर. आता २.४ गिगाहर्ट्झवर रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखून घेतात आणि लहरी बदलत राहतात. हा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याविना वापरता येतो.

बॅटरीचं मात्र सांगायलाच हवं, कारण इथं चुकलं तर घर जळू शकतं. लिथियम पॉलिमरचे दोन सेल एकापुढं एक, म्हणजे ७.४ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर ८.४. एका सेलचं व्होल्टेज ३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, गेलं तर सेल कायमचा बिघडतो. महिनाभर गाडी चालवायची नसेल तर भरून ठेवायची नाही आणि रिकामीही नाही; सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची. दोन्ही सेल समान भरणारा चार्जरच वापरायचा, ५,००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरनं भरायची, फरशीवर, माणूस जागेवर असताना. फुगलेली बॅटरी म्हणजे संपलेली बॅटरी. ‘अजून चालतीय की’ हा युक्तिवाद इथं करायचा नाही.

एवढं सगळं जुळवून झालं, पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या टपाला आतून रंग मारून झाला, टायर फेविक्विकनं रिमला चिकटवून झाले, की गाडी मैदानावर जाते आणि मोडते. मोडणारच. दीड किलोची गाडी दुचाकीच्या वेगानं दगडावर जाते तेव्हा तो जोर कुठंतरी जिरावा लागतो.

रोटाव्हेटरवाल्याला हे एका वाक्यात कळतं. त्याच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. पात्यात दगड अडकला की तो बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. बग्गीत असे शिअर बोल्ट जागोजाग लपवलेले आहेत. पुढची चाकं वळवणाऱ्या सर्व्होच्या आत नखाएवढे दाते असतात. चाक दगडाला आदळलं तर तो झटका थेट तिथं पोचू नये म्हणून मध्ये स्प्रिंगचा एक सांधा असतो, सर्व्हो सेव्हर. तो क्षणभर वाकतो आणि परत जागेवर येतो. उडी मारताना हवेत मागची चाकं भन्नाट फिरत असतात आणि जमिनीला टेकली की एकदम थांबू बघतात. तेव्हा गिअरबॉक्सच्या मोठ्या दात्यापाशी बसवलेला स्लिपर क्लच थोडा घसरतो. तो किती घसरावा हे एका नटानं ठरवायचं. चाकाला चॅसीशी जोडणारे पुढचे आर्म सरळ आडवे नसतात, त्यांचा सांधा पंचवीस-तीस अंशांनी मागं कललेला असतो, म्हणजे चाक अडथळ्याला लागलं की वर आणि मागं जातं. आणि एवढं करूनही जोर उरलाच तर तुटतो तो नायलॉनचा आर्म. चार स्क्रू, एक पिन, नवा आर्म. दहा मिनिटांचं काम. चॅसी शाबूत.

म्हणून कॉलेजची पोरं हौसेनं ॲल्युमिनिअमचे चकचकीत आर्म लावून आणतात तेव्हा मला राग येतो. आर्म तुटत नाही खरा. पण जोर पुढं सरकतो आणि ज्याला आर्म जोडलेला आहे तो खांब फुटतो, नाहीतर चॅसी वाकते. शंभर रुपयांचं वाचवायचं आणि हजाराचं मोडायचं. रोटाव्हेटरच्या शिअर बोल्टच्या जागी चांगल्या पोलादाचा बोल्ट घालणारे शेतकरीही माझ्या ओळखीचे आहेत, आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीची त्यांची बिलंही.

दुरुस्तीत आपल्या भागाचा एक फायदा आहे तो कोणी सांगत नाही. किट परदेशी असलं तरी आतली निम्मी सामग्री जागतिक मापाची असते. चाकातलं बेअरिंग ५ मिलीमीटर भोक, १० व्यास, ४ जाडी. बेअरिंगच्या दुकानात ‘एमआर १०५’ म्हटलं की ओळखतात. डिफरन्शियलजवळचं मोठं म्हणजे ६७००. चाकाचे नायलॉक नट ४ मिलीमीटरचे. आर्मची पिन वाकली तर ३ मिलीमीटरच्या पोलादी सळीतून कापून घेता येते. परदेशातून मागवावे लागतात ते आर्म, दाते, ड्राइव्ह शाफ्ट. आणि मागवताना सरकारदरबारी ही गाडी खेळणंच ठरते. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ ला ७० वर, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक ब्युरोची खूणही सक्तीची झाली. देशी खेळणी वाढावीत हा हेतू मला पटतो, पण शर्यतीच्या बग्गीचा आर्म इथं कोणी बनवत नाही. म्हणून मुलं थ्री-डी प्रिंटरवर भाग छापतात. बंपर, अँटिनाची नळी, बॅटरीची पट्टी यांना ते चालतं. आर्म मात्र पीएलएचा छापू नये. ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत तेवढं होतंच.

बिघाड शोधायची पद्धत आमच्या धंद्यातलीच: आधी फुकटचं तपासा. गाडी एका बाजूला ओढते? रिमोटचं ट्रिम बघा, मग एकेक चाक हातानं फिरवून अडकलेलं बेअरिंग शोधा, मग वाकलेली पिन. निघताना मोटर थरथरते आणि जागेवरच अडखळते? बहुतेक वेळा तीन जाड तारांपैकी एकीचं सोल्डर सुटलेलं असतं, नाहीतर सेन्सरची बारीक वायर. वायंडिंगच गेलं असेल अशी शंका आली तर मल्टिमीटर फारसा उपयोगी नाही, रोध इतका कमी असतो की काटा सांगणार काय. मोटर सोडवून हातात घ्या, तीनपैकी दोन तारा एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट फिरवा. तो जड लागेल. तिन्ही जोड्या आळीपाळीनं करून बघा. तिन्ही वेळा सारखाच जड लागला तर वायंडिंग ठीक. एखाद्या जोडीला हलका लागला तर त्या वाटेत तार तुटली आहे.

पळवायची कुठं, हा आपल्याकडं खरोखर मातीचा प्रश्न आहे. वाळवा-मिरजेची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसानंतर चाकाला अशी लपेटते की गाडीचं वजन दुप्पट. तिथं पावसाळ्यात जायचंच नाही. माण-खटावचा मुरूम सर्वांत चांगला; वर सैल खडी, खाली घट्ट बूड, त्याला मध्यम उंचीच्या खिळ्यांचे, मऊ रबराचे टायर. उन्हाळ्यात उघडं पडलेलं नदीपात्र मुलांना खुणावतं, पण बारीक वाळू बेअरिंगमध्ये शिरते, आणि भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत. गाडी पाण्याकडं गेली म्हणून मागं धावायची ही जागा नव्हे. कासच्या पठारावर तर कुणी नेऊच नये. २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या जागी चार बोटं मातीवर फुलं येतात. तिथं टायरचा खिळा काय करील ते सांगायला नको.

भाचीच्या मित्रांनी खटाव तालुक्यातल्या एका मुरमाड माळावर ट्रॅक आखला, कडेला ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून. जवळच बैलगाडा शर्यतीचं मैदान भरतं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केलेल्या या शर्यती २०२१ च्या डिसेंबरात अटींवर सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ च्या निकालानं कायम झाल्या, तेव्हापासून तिकडं पुन्हा गर्दी असते. त्यामुळं बघायला आलेल्या माणसांना स्पर्धेची रीत समजावावी लागली नाही: आधी गट, मग सेमी, मग फायनल. आरसीत गट पाच मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळात सर्वाधिक फेऱ्या कमी वेळात कोण मारतो ते बघायचं. त्यांना आवडला तो मार्शलचा नियम. ज्याची फेरी संपली त्यानं रिमोट ठेवून ट्रॅकवर उभं राहायचं आणि पुढच्या गटातल्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, मग त्यात आपल्याला हरवणाऱ्याची गाडी का असेना. ‘‘आणि नाही केलं तर?’’ एका गाडामालकानं विचारलं. शिक्षा होते, फेरी कापतात. तो म्हणाला, ‘‘ह्ये आमच्यात आणाय पायजे.’’

फेरीनंतर गाडी पाण्यानं धुऊ नका. ब्रशनं माती झाडा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा, बेअरिंगवर थेट नाही. भिजलीच तर त्याच रात्री बेअरिंग काढून तेलाचा थेंब द्या, उद्यावर टाकलं तर गंज. स्लिपरचा नट आणि चाकांचे नट दर खेपेला हातानं तपासा.

घ्यायचीच असेल तर पहिली गाडी मागच्या दोन चाकांना जोर असलेली, ज्या कंपनीचे सुटे भाग भारतात कोणीतरी साठ्यात ठेवतो तिचीच घ्या, मग ती दोन वर्षं जुनी का असेना. आणि त्याच ऑर्डरीत पुढचे आर्म दोन जोड, मोठा दाता एक, सर्व्हो सेव्हर एक. टप, स्टिकर, रंगीत नट नंतर बघता येतील. आर्म पहिल्या रविवारीच लागेल.